शिगेचं मापटं आणि काकूंचा काटा

आधी काकूंचं सांगते, मग बाकीचं. गिरगावातल्या काकू. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावाकडच्या तर नाहीतच. दादरला शिवाजी पार्काजवळच्या एका हॉलमध्ये उन्हाळ्यात मसाल्यांचं आणि वाळवणाचं प्रदर्शन भरतं. तिथं माझ्या पहिल्या वर्षी त्यांचा स्टॉल माझ्या शेजारी आला, एवढीच आमची ओळख. त्यांचं घराणं मुंबईतलं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या गिरगाव सोडून कुठं गेलेलं नाही, असं त्या स्वतःच हसत सांगतात. विम्याच्या ऑफिसात नोकरी झाली, रिटायर झाल्या, आणि घरात बसवेना म्हणून सासूबाईंच्या पद्धतीचा संभार विकायला लागल्या. संभार म्हणजे त्यांच्याकडे मासळीला लावतात तो मसाला. अंगानं बारीक, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला, आणि बोलणं असं की आधी लागतं, मग हसू येतं.

आज माझ्या पाकिटावर जेवढं वजन छापलेलं असतं तेवढा माल आत असतो, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगू शकते. ते काकूंमुळे. त्या सकाळी त्या नसत्या तर माझा स्टॉल रिबीन कापायच्या आधीच बंद झाला असता, आणि मी आज पुन्हा लोकांच्या घरी पोळ्या लाटत असते. पोळ्या लाटण्यात कमीपणा नाही. पण मला जे करायचं होतं ते राहून गेलं असतं.

मी मुळात घाबरट. खोलीला कुलूप लावून जिना उतरले तरी परत वर जाऊन कुलूप ओढून बघते. शिकलेय सातवीपर्यंत. आमचं गाव तापीच्या काठाला, खान्देशात. पुढच्या वर्गांसाठी तालुक्याला जावं लागायचं आणि मला एकटीला एसटीत बसवायला घरात कुणी तयार नव्हतं. शाळा अशी सुटली. मग लग्न झालं आणि मी लालबागला चाळीतल्या एका खोलीत आले. नवरा करी रोडच्या एका टॉवरमध्ये लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं काम बघतो. त्याची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. मी आपली गॅलरीत उभी राहून खालची गर्दी बघायची. एवढी माणसं, आणि त्यातलं एकही मला ओळखत नाही, या विचारानं परत आत यायची.

लालबागला मिरच्या-मसाल्यांची गल्ली आहे. तिथं डंख आहेत, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं. लोखंडी मुसळं वरखाली होत असतात आणि बायका नाकाला पदर लावून आपापला डबा धरून बसलेल्या असतात. आमच्याकडचा काळा मसाला मी पहिल्यांदा घरापुरताच केला. वाळवलेला कांदा, खोबरं, शेंगदाणे, धणे, दगडफूल, मिरच्या, सगळं तेलावर काळसर होईस्तोवर भाजायचं. त्या वासानं शेजारच्या मालवणी मावशी दारात आल्या. "काय गो, काय जाळतंस?" म्हणाल्या. मी घाबरून गॅसच बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटीभर मसाला नेऊन दिला, म्हटलं राग तरी जाईल. आठवड्यानं त्या तीच वाटी घेऊन परत आल्या. रिकामी. त्यांच्या बहिणीला पण हवा होता.

असं वाढत गेलं. चाळीतून दुसऱ्या चाळीत, तिथून नवऱ्याच्या टॉवरमधल्या दोन-तीन घरांत. आमच्या बचत गटातल्या बाईंनी प्रदर्शनाचं सांगितलं. जागा मिळाली, तर ऐन प्रदर्शनाच्या दिवसांत पोळ्यांच्या कामांना सुट्टी कोण देणार? मी पोळ्या लाटायचे त्या दोन्ही घरांनी नाही म्हटलं. मी कामं सोडली. इतकं धाडस मी आयुष्यात केलं नव्हतं. रात्री नवऱ्याला विचारलं, चुकलं का माझं? तो म्हणाला, आता विचारून काय उपयोग, मिरच्या तर आल्यात.

जागेबरोबर आयोजकांनी अटींचे कागद दिले. बारीक अक्षर, मागून-पुढून छापलेलं. मी ओळीखाली बोट धरून वाचत गेले, अडले तिथं नवऱ्याला विचारलं. खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरच्या स्वयंपाकघराची सरकारी नोंदणी हवी आणि तो नंबर पाकिटावर हवा. माल हाताळणाऱ्या माणसाचा डॉक्टरी दाखला हवा. पाकिटावर करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, आत काय काय घातलंय ते, निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत, बॅच नंबर, कधी भरलं, कधीपर्यंत चांगलं, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह. डोक्याला टोपी, हातात मोजे. वर्तमानपत्रात काही बांधून द्यायचं नाही. स्टॉलपुढची वाट मोकळी ठेवायची, उघडी ज्योत लावायची नाही, वायरी जमिनीवर लोंबू द्यायच्या नाहीत, कचऱ्याचा डबा झाकणाचा. शेवटी ठळक अक्षरांत होतं की तपासणीत वजन किंवा माहिती खोटी निघाली तर स्टॉल तिथल्या तिथं बंद, पुढंही जागा नाही, आणि विक्रेता कायद्यानं दंडास पात्र. पात्र हा शब्द मी शाळेत बक्षिसाच्या वेळी ऐकला होता. दंडाला पण पात्र ठरतात हे मला तेव्हा कळलं.

मग मी एकेक गोष्ट अशी केली की जणू परीक्षेचा पेपर. कॉम्प्युटरच्या दुकानात बसून नोंदणी करून घेतली. दवाखान्यात रक्त दिलं, दाखला आणला. लेबलं छापून आणली तेव्हा दुकानदाराला तीनतीनदा विचारलं, काही राहिलं नाही ना? तो वैतागला. म्हणाला, ताई, लग्नाच्या पत्रिकेला पण लोक एवढं बघत नाहीत.

एका अटीवरून मात्र मी निर्धास्त पुढं गेले. सुटा माल विकणाऱ्यानं सरकारी शिक्का मारलेला वजनकाटा ठेवावा, असं होतं. माझा माल सुटा कुठं होता? सगळा बंद पाकिटांत. शिवाय माझ्याकडे मापटं होतं.

हे मापटं मायचं. पितळेचं, काठाला थोडं चेपलेलं. माय आमच्या आठवडे बाजारात धणे, मिरच्या, कडधान्य घेऊन बसायची, आणि मोजून द्यायची ते मापट्यानं. नुसतं काठोकाठ भरून नाही. वर ढीग करायचा, तो दोन्ही बाजूंनी ओघळायला लागला की मग गिऱ्हाइकाच्या पिशवीत. त्या ढिगाला शीग म्हणतात. जो दुकानदार हातानं शीग पुसून माप सपाट करायचा त्याच्याबद्दल बायका पाणवठ्यावर काय बोलायच्या ते मी लहानपणी ऐकलंय. मुंबईला निघताना मायनं मापटं माझ्या पिशवीत घातलं. म्हणाली, तिकडं काहीही कर, पण कुणाला सपाट देऊ नको.

ते मी पाळलं. सुरुवातीला एकदा खालच्या वाण्याकडे शिगेचं मापटं भरून मसाला काट्यावर ठेवला होता. पाव किलो भरला, वर थोडा जास्तच. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं, शिगेचं एक मापटं म्हणजे पाव किलो. प्रदर्शनाची सगळी पाकिटं मी तशीच भरली. डंखावर त्या दिवसांत मोठी रांग, माझा नंबर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लागला. मसाला घरी आणला, परातीत पसरून गार केला आणि लगेच भरायला बसले. हात दुखले, पण एकाही पाकिटात सपाट माप टाकलं नाही. झोपताना मला बरं वाटलं होतं. चला, एक गोष्ट तरी अशी आहे की जिची मला भीती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टॅक्सीनं माल घेऊन हॉलवर गेले. टेबलं मांडलेली, मधे कापडाचे पडदे, वर झालर. तपासणी होणार होती, मग पाहुणे येणार, मग दारं उघडणार. मी टोपी घातली, मोजे घातले, पाकिटांची रांग लावली. दोन पाकिटांची तोंडं वाटेत उसवली होती. घरी मी पाकिटं बंद करते तशीच करायला बसले. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीवरून हळूच फिरवायचं. मेणबत्ती पेटवली, आणि शेजारून कुणीतरी वाकून फूऽ केलं.

"इथं मसाला विकायला आलीस की मंडपाला काडी लावायला?" काकू म्हणाल्या. त्यांनी बोटानं वर दाखवलं. झालर माझ्या डोक्यापासून हातभर उंचीवर होती.

मी म्हटलं, दोनच पाकिटं राहिलीत, काकू.

"हो का. मग झालरीला सांगू या, दोनच आहेत म्हणून." त्यांनी पाकिटं बंद करायचं आपलं छोटं यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि वायर स्वतःच्या पॉइंटला लावली. "ती मेणबत्ती दे इकडे. कुणाचा तरी वाढदिवस असेल."

ज्योत लावायची नाही हे मी वाचलं होतं. पण ज्योत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं शेगडी आली, समई आली. मेणबत्ती आली नाही. ती मला हत्यार वाटायची, कात्रीसारखी. मी कानापर्यंत लाल झाले. काकूंनी मात्र तो विषय तिथंच सोडला. माझं एक पाकीट उचललं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेबल वाचायला लागल्या. इतकं मन लावून माझं लेबल कुणी वाचलं नव्हतं. "बॅच नंबर आहे. तारीख आहे. शेंगदाणे घातलेत ते पण लिहिलंयस, शाब्बास. आमच्याकडे एकीनं लिहिलं नाही आणि गिऱ्हाइकाला अंगभर पित्त उठलं." मला फार आनंद झाला.

मग त्यांनी ते पाकीट सहज आपल्या काट्यावर ठेवलं. संशयानं नाही, सवयीनं. त्यांच्या हाताला जे येतं ते त्या काट्यावर ठेवतात, हे मी नंतर पाहिलं. एकदा त्यांनी स्वतःचा चष्मासुद्धा ठेवला होता.

काकू बोलायच्या थांबल्या, हे मला आधी जाणवलं. आकडा मी नंतर पाहिला. दोनशे तीसच्याही खाली, आणि त्यात पाकिटाचं वजन धरलेलं.

त्यांनी दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं. कुठं दोन ग्रॅम वर, कुठं दोन खाली, पण अडीचशेला एकही पोचेना.

"कशानं भरलंस गं?"

मी पिशवीतून मापटं काढून दाखवलं. माझा आवाज चढला असणार, कारण पलीकडच्या पापडवाल्या बाईंनी वळून बघितलं. "शिगेचं भरलंय, काकू. आईशप्पथ. एक पण सपाट नाही."

काकूंनी मापटं हातात घेतलं, आतून अंगठा फिरवला, काठ बघितला. "तू भरभरून दिलंयस, ते मला कळतंय," त्या म्हणाल्या. "काट्याला कसं कळायचं?"

मग विचारलं, कुटून कधी आणलास? मी सांगितलं, काल, आणि मागं वाण्याच्या काट्यावर पाव किलो भरला होता तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, डंखावरून आलेला मसाला फुललेला असतो, कापसासारखा. त्यात खोबरं, कांदा. बरणीत आठ दिवस बसला की दबतो. वाण्याकडे नेला होतास तो बसलेला असणार. आमचा संभारसुद्धा पहिल्या दिवशी बरणीत मावत नाही, आणि आठवड्यानं बरणी बोटभर रिकामी दिसते. कुणी खाल्ला म्हणून मी सुनेकडे बघायचे.

त्या हसवायला बोलल्या, पण मला हसू येईना. माझ्या कानात पाणवठ्यावरच्या बायका बोलत होत्या. मुंबईच्या दुकानदारांचे ते इलेक्ट्रिक काटे बघून मी मनात म्हणायचे, शेवटचा दाणा पण काढून घेतात मेले, आमच्याकडे बघा कसं देतात. आणि इथं त्यांचं बरोबर होतं, कमी माझं होतं. पाकिटावर मी छापून घेतलं होतं अडीचशे. गिऱ्हाईक शीग बघायला येणार नव्हतं. त्याच्यासाठी छापलेलं होतं तेच माझं माप.

ठळक अक्षरांतली ती ओळ मला तोंडपाठ होती. मी पाकिटं परत पिशवीत भरायला लागले. काकूंना म्हटलं, तपासायला यायच्या आधी जाते घरी. निदान बंद केला असं तर व्हायला नको. पोळ्यांच्या घरी जाऊन विचारते, अजून दुसरी बाई ठेवली नसेल.

काकूंनी पिशवीचा बंद धरला.

"घरी नेल्यावर वजन वाढणार आहे का?"

मी पिशवी सोडली.

"मग बस खाली. कात्री आण. माझ्याकडे काटा आहे, त्यावर या वर्षीचा शिक्का आहे, आणि यंत्र गरम आहे. अजून काय पाहिजे तुला, सनई-चौघडा?"

त्यांनी पाच मिनिटांत पद्धत बसवली. नवी लेबलं नव्हती, म्हणून पाकिटं फोडून चालणार नव्हतं. जुन्या शिवणीच्या अगदी खाली, कोपऱ्यात बारीक काप द्यायचा. कोऱ्या बटरपेपरचा कोन करून त्यातून मसाला आत सोडायचा. काट्यावर रिकामं पाकीट ठेवून त्यांनी आधी आकडा शून्यावर आणला होता, म्हणजे पाकिटाचं वजन मसाल्याच्या खात्यावर जायला नको. अडीचशे झाले की कापाच्या खालून यंत्रानं नवी शिवण. भर घालायला मसाला कुठून आणायचा? त्यांनी काही पाकिटं बाजूला काढली. "ही बळी," म्हणाल्या. ती पाकिटं फोडून त्यांचा मसाला बाकीच्यांच्या पोटात जायचा. विकायला पाकिटं कमी होणार होती, पण जी राहतील ती खरी.

मी कापत होते, भरत होते. काकू वजन करत होत्या आणि शिवत होत्या. त्यांचा स्टॉल तसाच अर्धा मांडलेला. त्यांची नेहमीची एक गिऱ्हाईक, शिवाजी पार्कात फिरायला येणाऱ्यांपैकी असावी, पायात कॅनव्हासचे बूट, कुणाच्या तरी ओळखीनं लवकर आत आली होती. ती म्हणाली, मला संभार देऊन टाका, म्हणजे मी सुटले. काकू डोकं वर न करता म्हणाल्या, "अर्ध्या तासानं ये गं. आमची मुलगी अडकलीय जरा."

मी ते ऐकून काकूंकडे बघितलं आणि कोन तिरपा झाला. थोडा मसाला टेबलावर सांडला. काकू म्हणाल्या, सांडू नकोस, तो पण वजनातलाच.

एका पिशवीतली पाकिटं पुरी झाली होती, दोन पिशव्या शिल्लक होत्या, तेव्हा आयोजक बाई आणि वजनमापाचे साहेब आमच्या रांगेत आले. काकूंनी शिवलेली पाकिटं टेबलावर मांडली, उरलेल्या पिशव्या पायानं टेबलाखाली सरकवल्या आणि स्वतःच्या जागी जाऊन अशा उभ्या राहिल्या की सकाळपासून तिथंच आहेत.

साहेब शांत होते. नोंदणीचा कागद बघितला, दाखला बघितला. लेबल वाचलं. वायर बघितली, झाकणाचा डबा बघितला. मग रांगेतली पाकिटं मधूनमधून उचलून आपल्या काट्यावर ठेवली. मी काट्याकडे बघितलंच नाही. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. त्या हलल्या नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. मग वाकून विचारलं, "खाली काय आहे?"

काकूंच्या स्टॉलवरून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला माझ्यासाठी होता. पण मला खोटं बोलायला लागलं की आवाज येत नाही, नुसते ओठ हलतात. मी सांगून टाकलं. खालची पाकिटं वजनाला कमी आहेत, मी मापट्यानं भरली, मसाला फुललेला होता, आता काट्यावर करून पुरी करतेय, वर फक्त झालेली ठेवलीत.

आयोजक बाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी टेबलाच्या कोपऱ्यातलं मापटं उचललं.

"यानं?"

"हो."

"विक्रीला हे चालत नाही, माहीत आहे? वजनानं विकायचं ते वजनानंच मोजायचं."

"आता माहीत झालं, साहेब."

त्यांनी मापटं उलटं करून बघितलं, परत ठेवलं. म्हणाले, खालच्यातलं एकही पाकीट वजन झाल्याशिवाय वर येता कामा नये, पिशव्यांवर तसं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, मी दुपारी परत येऊन बघणार आहे. आणि स्वतःचा काटा घ्या, शिक्का मारून घ्या, दरवर्षी. एवढं बोलून ते पुढं पापडांकडे गेले. आयोजक बाई मागं रेंगाळल्या, मला काही बोलणार होत्या, पण काकूंनी त्यांना हाक मारली आणि आपल्या स्टॉलच्या वायरीबद्दल काहीतरी लांबलचक विचारायला सुरुवात केली.

त्या गेल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "खाली काय आहे विचारलं तर पिशव्या आहेत म्हणायचं. कुंडली कशाला मांडलीस?"

मी म्हटलं, मला येत नाही तसं.

त्यांनी टेबलाखालची पिशवी ओढून बाहेर काढली. "बरं केलंस," म्हणाल्या. "चल, उरलेली करू."

दारं उघडली, पाहुणे आले, टाळ्या झाल्या, आणि आम्ही मागं वाकून कापत-भरतच होतो. आता मी स्वतः काटा बघत होते. एकदा काटा अडीचशेवर आला आणि मी कोन मागं घेतला. काकू म्हणाल्या, "थांबलीस का?"

"अडीचशे झाले."

"ते काट्याचे झाले. आता तुझ्या आईची शीग घाल की."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या यंत्राची शिवण तपासत होत्या. मी चिमूटभर मसाला घेऊन वर सोडला. आकडा पुढं सरकला. दुसरी चिमूट घ्यायला गेले तर म्हणाल्या, "एकच. धंदा करायला आलीयस, भंडारा घालायला नाही."

तेव्हापासून माझी रीत तीच आहे. आधी काटा, मग चिमूट.

दुपारी साहेब खरंच परत आले. टेबलाखाली काही नव्हतं. त्यांनी वरच्यातलं एक पाकीट काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, आणि या वेळी भुवई हलली. "जास्त आहे," म्हणाले. काकू पलीकडून म्हणाल्या, "खान्देशी वजन आहे, साहेब." ते पहिल्यांदा हसले. जाताना घरासाठी एक पाकीट घेतलं आणि छापलेली किंमत पूर्ण दिली, मी नको म्हणत असताना.

प्रदर्शन संपायच्या आधीच माझा माल संपला. लोक काय घेऊन जातात हे बघण्यात मजा होती. कुणी विचारायचं तिखट किती, कुणी विचारायचं याचं करतात काय. काकू स्वतःचं गिऱ्हाईक सोडून मधेच सांगायच्या, वांग्याच्या भरल्या भाजीला घाला, मग बघा. त्यांनी तोवर तो खाल्लासुद्धा नव्हता. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाल्या, तुझ्या तोंडाकडे बघून.

आता माझा स्वतःचा काटा आहे, पाकिटं बंद करायचं यंत्र आहे. काट्यावरचा शिक्का मी दर वर्षी मुदतीच्या महिनाभर आधीच मारून आणते. माझा स्वभाव तोच आहे. कुलूप अजून ओढून बघते. पण अटींच्या कागदांची पूर्वी भीती वाटायची, ती आता वाटत नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीमागं मला कुणीतरी गिऱ्हाईक दिसतं. पित्त उठलेलं, नाहीतर झालरीखाली पोर घेऊन उभं असलेलं. मसाला मी आठ दिवस बरणीत बसू देते, मगच भरते. मापटं देवाजवळ ठेवलंय, तांदूळ भरून. मायला मी इथून एक छोटा काटा पाठवला. भावानं फोनवर सांगितलं की ती आता बाजारात काट्यावर वजन करते, आणि झालं की मूठभर वर टाकते. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मूठभर? ही बाई बुडणार. मग म्हणाल्या, मला तुमचा तो बाजार बघायचाय एकदा. मी नाशिकच्या पुढं गेलेच नाही कधी.

यंदा काकूंनी स्टॉल लावला, पण खुर्चीत बसून. गुडघे दुखतात. त्यांचे डबे मी उचलून ठेवले, तर म्हणाल्या, बरा हमाल मिळाला. डबे उचलून ते काही फिटायचं नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून इथं लिहून ठेवते. एका थंडीत, भरताची वांगी बाजारात आली की, मी त्यांना आमच्या गावी नेणार. पुढची सीट, पाठीला उशी, सगळं मी बघेन. आठवडे बाजारात मायच्या शेजारी त्यांना बसवीन. माय त्यांच्या ओटीत शिगेचं मापटं घालेल, तेवढ्यापुरतं मी ते देवाजवळून नेईन, आणि काकूंना म्हणेन, आता घाला हे काट्यावर. काकू, गुडघे तेवढे सांभाळा. मी नेणार आहे.